उकल

गोदामाचं दार सरकवलं तेव्हा आधी वास आला तो सरकीचा. जिनिंग बंद होऊन वीसेक वर्षं झाली, पण भिंतींनी तो तेलकट वास सोडलेला नव्हता. आत कोपऱ्यात, ताडपत्रीखाली ती उभी होती. चारही टायर बसलेले, रिमा जमिनीला टेकलेल्या. शेठजींच्या नातवाने ताडपत्री ओढली, धूळ उडाली, आणि लांब नाकाची, पाठीवर पेट्रोलची टाकी बांधलेली, बिनछपराची ती गाडी मला अडतीस वर्षांनी पुन्हा दिसली.

अशा वेळी माणूस आधी बॉनेट उघडतो. मी डाव्या दाराशी गेलो, गुडघ्यावर बसलो आणि दाराच्या उंबऱ्याखाली हात घातला. बोटांना लोखंडी अँगल लागला. दीड इंची, वेल्डिंगचे गोळे न घासता तसेच सोडलेले. तो अँगल मी लावला होता. १९८६ साली, सोळा वर्षांचा असताना.

माझं गॅरेज खामगावात आहे. ट्रॅक्टर, जीप, पिकअप आणि सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रं, हे आमचं रोजचं काम. या गाडीचं काम घेतल्यापासून येणारा-जाणारा विचारतो, “कुठवर आली गाडी?” मी सांगतो, अजून एकही पार्ट लावलेला नाही, नुसते काढले आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे काम सुरूच झालं नाही. माझं मन मात्र सांगतं की खरं काम हेच होतं. ते कसं, हे सांगण्यासाठी लिहायला बसलो आहे.

ही गाडी एम.जी. कंपनीची टी.सी., १९४८ची. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये मॉरिस गाड्या विकणारं आणि दुरुस्त करणारं ते एक दुकान होतं. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून वेगवान गाड्यांची कंपनी उभी राहिली. एका गॅरेजातून निघालेली कंपनी, म्हणून मला तिच्याबद्दल आधीपासून जिव्हाळा. दुसरं महायुद्ध संपलं आणि १९४५च्या अखेरीस अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात टी.सी. बनू लागली. १९४९ पर्यंत सुमारे दहा हजार बनल्या, आणि अमेरिकेत विकलेल्यासुद्धा सगळ्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. १२५० सी.सी.चं चार सिलिंडरचं इंजिन, ५४ हॉर्सपॉवर, १९ इंची तारांची चाकं, बसायला दोनच माणसं. चेसिसच्या क्रमांकांची सुरुवात एकपासून नाही, २५१ पासून. कारण कारखान्याचा फोन नंबर २५१ होता.

ही गाडी खामगावात कशी आली, त्याला कारण कापूस. जलंबहून खामगावला येणारा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो इथल्या कापसाच्या बाजारासाठीच. जिनिंग-प्रेसिंगवर ज्यांची घरं उभी राहिली, त्यांचं मुंबईला सतत जाणं-येणं असे. १९५६च्या नोव्हेंबरात आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, आणि त्याच हिवाळ्यात शेठजींनी मुंबईत ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली. ‘बीएम’ने सुरू होणारी मुंबईची नंबर पाटी अजून तिच्यावर आहे.

आता १९८६चं सांगतो. मी उस्तादांकडे दोन वर्षं काम शिकत होतो. गाडी आली ती एवढ्याच तक्रारीवर की डावं दार लागत नाही. या गाडीची दारं उलटी असतात; बिजागऱ्या मागे, कडी पुढे. चालत्या गाडीत कडी सुटली की वारा आत शिरतो आणि दार फाडकन मागे जातं. उस्ताद तेव्हा पार्ट आणायला मुंबईला गेलेले. मी पत्रा उचकटला, तर आत लाकूड. मोटारीच्या आत लाकूड असतं हेच मला नवीन होतं. उंबऱ्याचं लाकूड आणि बिजागरीचा खांब, दोन्ही खालून कुजलेले. मी ते फोडून काढलं, तिथे अँगल कापून बसवला, वेल्डिंग मारलं आणि बिजागऱ्या थेट लोखंडात आवळल्या. दार असं लागलं की जणू तिजोरीचं. माझी छाती फुगली.

उस्ताद आले. त्यांनी दार दोनदा उघडून लावलं, खाली वाकून पाहिलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “दरवाजा तो लग गया, बेटा. अब गाडी मुडेगी कैसे?”

मला वाटलं ते स्टिअरिंगबद्दल बोलत आहेत. गाडी तर वळत होती! मी विचारलं नाही, त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही. गाडी गेली, एक-दोन वर्षं फिरली आणि मग गोदामात उभी राहिली ती राहिलीच. उस्ताद २००९ साली गेले. त्यांचा तो प्रश्न माझ्याकडे तसाच पडून होता.

नातू पुण्यात नोकरी करतो. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, एकदा स्टार्ट करून बघायची का?” मी नाही म्हटलं. छत्तीस-सदतीस वर्षं उभ्या इंजिनात तेलाचा थर कधीच खाली उतरून गेलेला असतो. सिलिंडरच्या भिंतीवर गंज, रिंगा जागच्या जागी चिकटलेल्या, बेअरिंगं कोरडी. बॅटरी जोडून स्टार्टर मारला तर एक तर रिंगा तुटतात, नाहीतर गंजाची कानस होऊन सिलिंडर ओरबाडते. गाडी जिवंत आहे का ते पाहण्याच्या घाईतच गाडी मरते. गॅरेज चालवताना मी हे अनेकदा पाहिलं आहे, आणि तरुणपणी एकदोनदा माझ्या हातूनही झालं आहे.

आम्ही गाडी ट्रॉलीवर चढवून गॅरेजात आणली, मागच्या शेडमध्ये चार घोड्यांवर ठेवली आणि चारही प्लग काढून प्रत्येक भोकात गिअर ऑईल आणि डिझेलचं मिश्रण ओतलं. रोज सकाळी थोडं. बाराव्या दिवशी मी पुढून हँडल लावून नुसता हाताचा भार दिला. क्रँक बोटभर हलली आणि थांबली. उलट्या बाजूने भार दिला, तेव्हा दोन बोटं. त्या दिवशी तेवढंच. आणखी आठवड्याने पूर्ण फेरा झाला. इंजिनातून निघालेलं तेल चहाच्या रंगाचं होतं, आणि त्या तेलाच्या तळाशी गंजाची बारीक रेती. इंजिन आम्ही तेवढ्यावर थांबवलं. ते फिरतं एवढं कळलं, पुरे. त्याची पाळी पुढे आहे.

मग खोलायला सुरुवात केली. माझ्याकडचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, हात चपळ. त्याला मी पहिले चार दिवस पाना हातात घेऊ दिला नाही. आधी मोबाईलवर फोटो. प्रत्येक भाग तीन बाजूंनी, बाजूला फुटपट्टी धरून. मग वही. डाव्या पानावर काय काढलं, उजव्या पानावर ते कशा अवस्थेत होतं. मग डबे. बिस्किटांचे, औषधांचे, मिठाईचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणलेले. प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगाने नंबर. जिथे जमेल तिथे बोल्ट काढला की पुन्हा त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. हरवत नाही आणि चुकत नाही. महिन्याभरात साडेआठशे फोटो आणि त्रेसष्ट डबे झाले. मुलगा म्हणाला, “उस्ताद, येवढ्यात तं आपन दोन ट्रॅक्टरचे इंजिन बांधले असते.” खरंच होतं ते. पण ट्रॅक्टरचं इंजिन कसं बांधायचं हे आम्हाला झोपेतही येतं. या गाडीचं पुस्तक आमच्या हातात नव्हतं. गाडी हेच पुस्तक, आणि ते एकदाच वाचायला मिळणार होतं. पान उलटलं की गेलं.

पहिला धडा बोल्टांनी शिकवला. माझ्याकडचे पाने मिलिमीटरचे. एकही नीट बसेना. एक ढिला, दुसरा जाईना. मग आठवलं, उस्तादांची एक जुनी पेटी माझ्याकडे आहे. त्यात व्हिटवर्थ मापाचे पाने होते, काळे पडलेले, जड. ते त्यांना एका जिनिंगच्या फिटरकडून मिळाले होते. विलायतेहून आलेल्या जिनांचे आणि प्रेसचे बोल्ट त्याच मापाचे असत. तो पाना बोल्टाच्या डोक्यावर ठेवला आणि टपकन बसला. कापसाच्या यंत्रांचे पाने मोटारीच्या कामाला आले.

पण बोल्ट बाहेर आला तेव्हा मी चक्रावलो. डोकं व्हिटवर्थचं आणि आटे मेट्रिकचे, तेही बारीक. मुलाला वाटलं कोणीतरी मध्येच बदललेला असेल. दुसरा काढला, तोही तसाच. सगळं इंजिनच तसं. चौकशी केल्यावर उलगडा झाला. मॉरिस गाड्यांचे कारखानदार मॉरिस यांनी १९२३ साली कॉव्हेंट्रीमधला एक इंजिन कारखाना विकत घेतला होता. तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, म्हणून तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. इंग्लंडमधल्या मेकॅनिकच्या हातात मात्र व्हिटवर्थचे पाने. तेव्हा आटे यंत्राच्या सोयीचे ठेवले आणि डोकं माणसाच्या सोयीचं. हे कळलं नसतं तर आम्ही बाजारातून इंची आट्यांचे नवे बोल्ट आणून आवळले असते आणि ब्लॉकमधले आटे कायमचे मारले असते. समोरची वस्तू चुकीची आहे असं वाटलं की आधी आपलं ज्ञान तपासावं, हे मी त्या दिवशी मुलाला सांगितलं आणि स्वतःलाही.

दुसरा धडा आमच्या आधी हात लावलेल्यांनी दिला. गाडीत फियाटचा व्होल्टेज रेग्युलेटर निघाला. पेट्रोल पंप अँबॅसडरचा. एका मागच्या मडगार्डच्या आतून ठिगळ, आणि त्या ठिगळाच्या उलट्या बाजूला वनस्पती तुपाच्या डब्याचा पिवळा रंग. मूळ गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या उलट. तेही कोणीतरी मधल्या काळात फिरवून घेतलेलं. मुलगा प्रत्येक गोष्टीला हसायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्या आणि पार्ट यांची आयात आवळली गेली. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्ससुद्धा १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. अशा काळात खामगावात एम.जी.चा पेट्रोल पंप कुठून आणायचा? तो बिघडला म्हणून गाडी भंगारात न टाकता ज्याने अँबॅसडरचा बसवला, त्याने ती गाडी आपल्यापर्यंत पोचवली. तुपाच्या डब्याचं ठिगळ मी काढून फेकलं नाही. पुसून, नंबर टाकून डब्यात ठेवलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा गाड्यांचा संग्रह पाहिला होता. एकेक गाडी अशी की तिच्यात तोंड दिसावं. तिथे मी तासन्‌तास फिरलो. पण परत येताना मनात एकच होतं की या गाड्या खोलल्या तेव्हा आतून काय निघालं असेल? ज्याने खोलल्या त्याला काय काय ठरवावं लागलं असेल? चकाकीत ते दिसत नाही. आता ती ठरवण्याची पाळी माझ्यावर आली होती. नातवाशी बसून मी तीन रकाने केले. जे मूळचं आहे आणि चालतं, ते राहील. जे नंतरचं आहे पण गाडीला इजा करत नाही, त्याचा विचार सावकाश करू. जे नंतरचं आहे आणि गाडीला आतून खातं आहे, ते आधी निघेल. तिसऱ्या रकान्यात पहिलं नाव मी माझ्या हाताने लिहिलं: डाव्या दाराखालचा अँगल.

बॉडी चेसिसवरून उचलायच्या आधी आम्ही दोन्ही दारांच्या मोकळ्या जागेत आडव्या-तिरक्या लोखंडी पट्ट्या बांधल्या. नाहीतर उचलताना लाकडी सांगाडा पिळला जातो आणि मूळ मापं हरवतात. दाराच्या चारही कडांच्या फटी दर तीन इंचांवर मोजून वहीत लिहिल्या. उजवीकडे फट सगळीकडे जवळपास सारखी. डावीकडे वर काहीच नाही आणि खाली बोट जाईल एवढी. एक बाजू वाकत राहिली होती, दुसरी जखडलेली होती. अँगल लावल्यावर गाडी जी एक-दोन वर्षं फिरली, त्यात प्रत्येक खड्ड्यात या दोन बाजूंची ओढाताण चालली होती, आणि त्या ओढाताणीत डाव्या खांबावरचा पत्रा तीन ठिकाणी फाटला होता.

अँगल मी स्वतः कापला. ग्राइंडरच्या ठिणग्या थांबल्यावर पत्रा बाजूला केला, तर आत ओंजळभर तपकिरी भुकटी. अँगल आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी अडकत गेलं होतं, त्याला निघायला वाट नव्हती. दोन्ही लोखंडं गंजली, शेजारचं चांगलं लाकूड त्या ओलीने कुजलं आणि राहिलेलं वाळवीने खाल्लं. मी कुजलेलं एक हात लाकूड काढून लोखंड घातलं होतं. त्या लोखंडाने पुढचं तीन हात लाकूड नेलं. भुकटी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. मुलाला खरं सांगितलं की हे माझं काम आहे. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो फोटो काढण्याचा कंटाळा करेनासा झाला.

लाकडाचं काम आम्हा मेकॅनिकांचं नव्हे. खामगावच्या फर्निचरवाल्यांना दाखवलं. ते प्लायवूड आणि सनमायका सांगू लागले. शेवटी कोणीतरी एका म्हाताऱ्या सुताराचं नाव सुचवलं. नांदुऱ्याच्या बाजूच्या एका खेड्यात राहतात, पूर्वी बैलगाड्या करत. आता गाड्यांना रबरी टायर आले, लाकडी चाक कोणी करून घेत नाही, तर ते वखराची आणि तिफणीची किरकोळ दुरुस्ती करतात. मी त्यांना मोटारसायकलवर बसवून आणलं.

बाबा शेडमध्ये आले आणि थेट चाकापाशी गेले. तारांवरून हात फिरवला. “हे आरेच हायेत ना?” म्हणाले. “फक्त लोखंडाचे, अन् बारीक.” मग उघड्या सांगाड्यापाशी बसले. पुढचा अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत. प्रत्येक सांध्याला नखाने टोचून पाहिलं, वास घेतला, बोटाच्या पेराने वाजवलं. मग म्हणाले, “ज्यानं केलं त्यानं मन लावून केलं. वळन दिलं तिथं लाकूड वाकोलं नाई, वळनाचं लाकूड निवडलं, नाई तं तुकडे जोडून वळन काढलं.” अँगल भिंतीला टेकून ठेवला होता, तिकडे त्यांची नजर गेली. “हे कोनं केलं?”

“मीच, बाबा. पोरवयात.”

त्यांनी मान हलवली. “लोखंड आपल्या जागी चांगलं, लाकूड आपल्या जागी. बैलगाडीचे सांधे लई घट्ट बसोले तं दोन कोसात गाडी फाटते. सांध्याले जरा हलू द्या लागते. तुमची ही गाडी बी तशीच हाये.”

उस्तादांच्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. गाडी मुडेगी कैसे. या गाडीची चेसिस आजच्या गाड्यांसारखी ताठ नाही. पुढचं एक चाक दगडावर चढलं की ती थोडी पिळते आणि तिच्यावरचा लाकडी सांगाडा तिच्याबरोबर पिळतो, पुन्हा जागेवर येतो. इंग्लंडमध्ये त्यासाठी अ‍ॅश नावाच्या झाडाचं लाकूड वापरत. चिवट, झटका पचवणारं. क्रिकेटचे स्टंप त्याचेच करतात. मी त्या सांगाड्याच्या एका कोपऱ्याला प्लास्टर चढवल्यासारखं केलं होतं. दार नीट लागावं म्हणून गाडीचं वाकणंच काढून घेतलं होतं.

अ‍ॅश खामगावच्या लाकूडबाजारात मिळत नाही. बाबांसमोर दोन पर्याय होते. सागाला वाळवी सहज लागत नाही, पाणी सोसतो, स्क्रू धरून ठेवतो. पण एकाएकी झटका बसला तर रेषेत चिरतो. बाभूळ झटका सोसते, म्हणून तर आमच्याकडच्या बैलगाड्या तिच्या. पण जड, आणि नीट मुरलेली नसेल तर वळते. बाबांचं म्हणणं पडलं, “उंबरा सागाचा, खांब बाभळीचा.” पाडलेल्या एका वाड्याची सागाची तुळई मी मिळवली. बाभूळ त्यांनीच आणली. त्यांच्या सपरात तीसेक वर्षं पडून असलेला गाडीचा दांडा. रंधा मारल्यावर आतून तांबूस, दगडासारखी घट्ट निघाली.

मूळचं जे लाकूड शाबूत होतं ते त्यांनी काढू दिलं नाही. कुजलेलं होतं तिथपर्यंतच तिरका छेद घेतला, नव्या लाकडालाही तसाच छेद दिला आणि दोन्ही असे जोडले की सांधा लांब झाला, भार एका रेषेवर येईना. भोकं आधी गिरमिटाने पाडली. पितळी स्क्रूंना साबण चोळला, म्हणजे बाभळीत ते तुटत नाहीत. सगळ्या लाकडाला कोमट जवसाचं तेल तीनदा पाजलं. या सगळ्यात एक दिवस ते सहज म्हणाले, “तुमी मेकॅनिक लोक खोलता, आमी सुतार उकलतो.” मी फरक विचारला. त्यांना तो शब्दांत सांगता आला नाही. त्यांनी हातातला जुना सांधा पुढे केला. तो त्यांनी फोडला नव्हता. जसा घातला गेला होता त्याच वाटेने, उलट क्रमाने बाहेर काढला होता. आत, शहात्तर वर्षांपूर्वी कोण्या इंग्रज सुताराने पेन्सिलने ओढलेली रेघ अजून स्वच्छ होती.

मध्येच एक दिवस नातू आजींना घेऊन आला. वय नव्वदीकडे झुकलेलं. लाकडी सांगाडा आणि डबे पाहून त्यांना वाईट वाटेल अशी मला भीती होती. त्या खुर्चीवर बसल्या आणि विचारलं, “माझं घड्याळ कुठे आहे?” मला समजेना. मग उमगलं. या गाडीत चालवणाऱ्यासमोर इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ असतं, आणि वेग दाखवणारं शेजारी बसणाऱ्यासमोर. मी सतरा नंबरच्या खोक्यातून ते काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पदराने काच पुसली. “वेग मला दिसायचा, त्यांना नाही,” त्या म्हणाल्या. “काटा चाळीसच्या वर गेला की मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचे. तेवढ्यावर ते समजायचे. बुलढाण्याला जायचो तेव्हा बोथ्याच्या घाटात दुसरा हात दारावर. ते दार कधी उघडेल याचा नेम नसायचा.”

१९८६ साली ती तक्रार कोणाची होती, ते मला त्या दिवशी कळलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळी नोंदणी आणली आहे. नव्या नंबराच्या पाटीवर ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. मूळ रूप टिकून असणं ही त्यातली महत्त्वाची अट, आणि आमच्या वहीचा उपयोग तिथेही होईल. पण तो टप्पा दूर आहे.

माघ उतरता उतरता डावी बाजू उभी राहिली. सांगाडा पुन्हा चेसिसवर ठेवला, मध्ये रबराच्या पट्ट्या, बोल्ट नुसते बेताने आवळलेले. पत्रा नाही, रंग नाही, सीट नाही. फक्त लाकूड आणि त्यावर टांगलेलं ते जुनं दार. बाबांनी बिजागऱ्यांच्या मागे पातळ पट्टी घालून, काढून, पुन्हा घालून तीन तास फट जुळवली. मग मला खूण केली. मी दोन बोटांनी दार लोटलं. कडी अडकल्याचा बारीक आवाज आला.

पण दार लागणं ही परीक्षा नव्हती. दार तर माझंही लागलं होतं. मी मुलाला चेसिसच्या पुढच्या डाव्या टोकाखाली जॅक लावायला सांगितला. गाडी घोडीवरून उचलली जाऊ लागली. अर्धा इंच, एक इंच, दीड. बाबा खांबावर तळहात ठेवून उभे होते. लाकडातून एक हलकी कुरकुर आली. मी कंदील धरल्यासारखा मोबाईलचा उजेड फटीवर धरून बसलो. फट वर जरा बारीक झाली, खाली जरा रुंद. दार उघडलं, लावलं. लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लागलं. जॅक खाली सोडला आणि फट आपल्या मापावर परत आली. दर तीन इंचांवर मोजून पाहिली आणि वहीत उजव्या पानावर लिहिली.

त्याखाली मी आणखी चार ओळी लिहिल्या. उंबरा कुठून कुठपर्यंत सागाचा आहे, खांब बाभळीचा कोणत्या सांध्यापासून, तेल कोणतं पाजलं, आणि १९८६ साली इथे अँगल होता, तो का लावला आणि का काढला. पुढे कधी कोणी ही गाडी उकलायला बसेल, त्याला माझ्यासारखं अंधारात हात घालावं लागू नये.

मुलगा पाना पुसत उभा होता. “उस्ताद, आता पत्रा चढवायचा?”

“नाही,” मी म्हटलं. “आधी उजवं दार. ते चांगलं दिसतं, पण आत काय आहे ते अजून पाहिलेलं नाही.”

त्याने पाना खाली ठेवला आणि खिशातून मोबाईल काढला. फुटपट्टी घेऊन तो उजव्या बाजूला गेला.